अवचित खर्चालाही वहीत जागा हवी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,
स. न. वि. वि.

घरखर्चात काटकसर कशी करावी, यावर आपल्या पुरवणीत नेहमी मजकूर येतो आणि मी त्याची कात्रणे जपून ठेवते. मात्र ओढगस्तीने चालणाऱ्या घरात न ठरवलेला एखादा खर्च झाला, की पुढे कित्येक दिवस मनाला जी टोचणी लागते, तिच्याविषयी कोणी लिहीत नाही.

माझे यजमान एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, दिवाणजी आहेत. पगार १४,००० रुपये. कापसाचा हंगाम सरला की तोही घटतो. पंधरा वर्षांपासून मी रोज रात्री खर्चाची वही लिहिते. मागे एका श्रावणात आईचे डोळे दाखवायला परभणीला गेले होते. आई माझ्याकडेच असते. तिचे दात पडले आहेत आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणीसुद्धा तिच्या हिरड्यांना बोचते. परतताना एका दुकानात मिक्सर दिसला आणि फारसा विचार न करता मी २,३५० रुपये मोजून दिले.

त्या रात्री वही उघडली, पण तो आकडा लिहिण्याचा धीर होईना. शेवटी मी तो तेल, साबण, गिरणी, रिक्षा असा सहा दिवसांत तुकडे करून लिहिला. पंधरा वर्षांतली वहीतली ही पहिली खोटी पाने. एवढ्यावरही भागले नाही. खर्च भरून काढायचा म्हणून दुधाचा रतीब अर्ध्या लिटरवरून पावशेरावर आणला आणि डॉक्टरांना न विचारता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. दीड महिन्याने मोरीत चक्कर येऊन पडले, तेव्हा तपासण्या आणि औषधे मिळून जवळपास मिक्सरइतकाच खर्च पुन्हा झाला. मनाची टोचणी घरातल्या बाईच्या ताटातून आणि औषधातून वसूल होते, हे मला तेव्हा कळले.

ही टोचणी येते कोठून, याचाही मी विचार केला. आईने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे. कामावर मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) आणि मिलो या परदेशातून आलेल्या ज्वारीची लाल भाकरी यांवर तिने दिवस काढले. पैसा हातचा सुटला की उद्या चूल पेटणार नाही, ही तिची भीती खरी होती आणि ती आम्हा लेकींच्या अंगात उतरली. मराठवाड्यात पाऊस आजही भरवशाचा नसल्याने ती भीती चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. पण आईसाठी घेतलेल्या वस्तूची किंमत आईलाच खोटी सांगावी लागावी, हे मला फार लागले.

आजारपणात पडून होते तेव्हा मागच्या वर्षाची वही काढली. दवाखाना, आहेर, मुलाची सहल, फुटलेली पाण्याची टाकी, भावाच्या शेतातली जळालेली पाण्याची मोटार; ज्याला मी ‘अचानक’ म्हणत होते, तसा खर्च नसलेला एकही महिना सापडला नाही. बेरीज २१,४८० रुपये, म्हणजे महिन्याला जवळपास १,८०० रुपये. जो खर्च दर महिन्याला दारात उभा राहतो, त्याला अचानक कसे म्हणायचे? माझा हिशेबच मुळात अपुरा होता. तेव्हापासून वहीत ‘अवचित’ असा रकाना आखला. १,८०० रुपये बाजूला पडत नाहीत, पण हंगामात १,२०० रुपये डब्यात टाकते आणि त्यातून जे जाते त्यासाठी कोणाचे दूध तोडत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भावाचे सोयाबीन पाण्यात गेले, तेव्हा तो डबा त्याच्यासाठी पूर्ण रिकामा केला आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.

मनाला लागलेली प्रत्येक टोचणी खोटी नसते, हेही सांगितले पाहिजे. दिवाळीत शेजारणीचा पाहून हप्त्यावर मोबाईल घेतला होता. त्याचे ओझे दहा महिने वाहिले आणि ते वाहायलाच हवे होते.

आमच्या बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित लेखे हे एक सूत्र आहे. तरीही अंतर्गत कर्ज उचलताना बाया कारण ‘शेळी’ किंवा ‘शिलाई मशीन’ असे लिहितात, कारण ‘लेकीची ओटी’ किंवा ‘सासूचा चष्मा’ लिहायला त्यांना लाज वाटते. गटांनी अशी कारणे मोकळेपणाने लिहू द्यावीत. आपणही पुरवणीत, पंधरा हजारांच्या आत चालणाऱ्या घरांचे महिन्याचे खरे हिशेब, अवचित खर्चासह, नावे न देता छापावेत. माझ्या वहीची पाने, ती सहा खोटी पाने धरून, मी पाठवायला तयार आहे.

आपली नम्र,
एक गृहिणी, सेलू (जि. परभणी)