बाबा, तुमचं टेबल हलवलंय

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा विषय बदलला, म्हणून शेवटी लिहितेय. आई, हे तू वाचून दाखव, बाबांनी डोळे ताणायचे नाहीत.

तुमच्या जवळची बदली मी नाकारली. मोजणीची यंत्रं दुरुस्त करायचं आपलं वर्कशॉप नव्याने उभं करायचं काम अंगावर घेतलंय, त्यामुळे दोन वर्षं तरी इथून हलता येणार नाही. सही करून झाली. तुम्हाला आधी विचारलं नाही कारण विचारलं असतं तर दोघंही "आमचं काय, तू कर" म्हणाला असतात आणि आई रात्रभर जागी राहिली असती, ते मला नको होतं. पण न विचारल्याचंही वाईट वाटतंय, खूप.

बाबा, तुम्हाला कारण पटेल. आता टोटल स्टेशनमध्ये (आई, कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र) इलेक्ट्रॉनिक्सचा काही बिघाड असला की आपण ते नुसतं पॅक करून बाहेर पाठवतो, जायला-यायला आठवडे जातात, आणि दुरुस्त होऊन येताना रस्त्यातल्या धक्क्यांनी ऍडजस्टमेंट हलते ती वेगळीच. तोवर सर्व्हेयर खोळंबतात, नाहीतर चेक न केलेलं दुसरं यंत्र घेऊन निघतात. मध्ये एक यंत्र ट्रायपॉडवर लावलेलंच खांद्यावर टाकून नेलं होतं कुणीतरी, यंत्र किंचित कललं तर ते सावरून घेणारा काँपेन्सेटर बिघडलेला, कुणाच्या लक्षातच आलं नाही, सगळी मोजणी परत करावी लागली. तुम्हीच सांगायचात ना, कोनात २० सेकंदांची चूक म्हणजे एक किलोमीटरवर जवळजवळ १० सेंटीमीटर, आणि जमिनीच्या तेवढ्या पट्टीवरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात. ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

तर आता लेन्स उघडायला धूळ न येणारी खोली होतेय, आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. काचेला बुरशी धरू नये म्हणून दमटपणा ४०-५० टक्क्यांवर ठेवणारी कपाटं. सर्किटच्या कामाला, अंगातल्या स्थिर विजेने ते बिघडू नये म्हणून, अर्थिंगची मॅट आणि मनगटाला पट्टा. बाहेरच्या मोकळ्या जागेत काँक्रीटचे पिलर, त्यांच्यातली अंतरं आधीच नेमकी मोजलेली, त्यावर अंतर मोजणारं प्रत्येक यंत्र आयएसओ १७१२३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने तपासायचं, त्यातही हवेचं तापमान टाकूनच, कारण १ अंशाच्या फरकाने किलोमीटरला आकडा साधारण १ मिलिमीटर सरकतो. उंचीतला फरक मोजणाऱ्या लेव्हलची टू-पेग टेस्ट मात्र तुम्ही शिकवली तशीच, आधी बरोबर मधे उभं राहायचं, मग एका स्टाफच्या, म्हणजे उभ्या मोजपट्टीच्या, जवळ जायचं. त्यात काही बदलायचं नाहीये.

आणि कोलिमेटरला, म्हणजे यंत्राची नजर सरळ आहे का ते तपासायच्या दुर्बिणीला, स्वतंत्र खांब. त्याचा पाया खोलीच्या फरशीला कुठेच चिकटत नाही, मधे फट सोडलीये, शेजारून माणूस चालत गेला तरी क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीतली उभी-आडवी रेघ, थरथरत नाही. ती फट आखून घेताना मला तुम्हीच दिसत होतात. तुम्ही आयपीसला डोळा लावलात की "कुणी हलू नका" म्हणायचात आणि मी दप्तर पोटाशी धरून श्वास रोखून उभी राहायचे, किती वेळ कोण जाणे. मग बक्षीस म्हणून मला कोन मोजायच्या जुन्या थिओडोलाइटमधून बघायला द्यायचात, आणि लांब फाटकाशी आपल्याला न्यायला आलेली आई उलटी दिसायची, पाय आभाळात. आई, तू हात हलवायचीस तोही उलटा.

आता जे सांगायला जड जातंय ते. बाबा, तुमचं टेबल नव्या खोलीत नाही ठेवता आलं. लाकूड आहे, भुसा सुटतो, दमटपणा धरतं, तिथे चालतच नाही. पण ते भंगारात गेलेलं नाही, मी असताना जाणारही नाही. शिकायला येणाऱ्या मुलांच्या खोलीत खिडकीखाली ठेवलंय, खणांवरच्या तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. क्रॉसहेअरसाठी कोळीकिड्याचा धागा गुंडाळायचा तुमचा तारेचा चिमटा मिळाला, त्यावर अजून थोडा धागा आहे. आता क्रॉसहेअर काचेवरच कोरलेले येतात, तरी मी मुलांना दाखवलं की धागा ओढून शेलॅकने कसा चिकटवायचे. आणि भारताची मोजणी सुरू करणाऱ्या लॅम्बटन साहेबाची गोष्टही सांगितली, तुम्ही मला झोपताना सांगायचात तीच, १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना अर्ध्या टनाचं थिओडोलाइट आपटलं आणि तो तंबूत बसून सहा आठवडे ते नीट करत राहिला. एकाने विचारलं, तो नवीन येईपर्यंत का नाही थांबला? मी तुमचंच उत्तर दिलं, तोवर काम थांबलं असतं.

माझी काळजी करू नका. खोली हवेशीर आहे, पाणी चोवीस तास, ऑफिस चालत दहा मिनिटं, जेवण वेळेवर होतं, उशीर झाला तर सोडायला गाडी असते. दर महिन्याला दोन दिवस येणारच, सुट्टी आधीच लिहून टाकलीये.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूची तारीख परत पुढे ढकलायची नाही. लोकांच्या लेन्समधला धुरकटपणा तुम्हाला एक दिवस सहन व्हायचा नाही आणि स्वतःचा वर्षभर चालवून घेताय. मी त्या आठवड्यात तिथे असेन, ड्रॉप्स मी घालेन. आई, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, आणि गुडघ्यांचं बाबांपासून लपवू नकोस. जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा लावायला मी माणूस सांगितलाय, तो आला की "नको" म्हणून परत पाठवू नका प्लीज.

बाबा, टेबलाचा तिसरा खण उघडत नाहीये, चावी तुमच्याकडेच असणार. कुठे ठेवलीत ते आठवलं की फोन करा. माळ्यावर असेल तर तशीच राहू दे, शिडीवर चढू नका, मी आल्यावर काढेन.

तुमची
चिमी