पेपर पसरून पाठ फिरवणाऱ्या काकांना

परभणीच्या स्टँडजवळच्या टपरीतल्या बॅगवाल्या काकांना सादर नमस्कार.

काका, हे तुमच्या नातवाकडून वाचून घ्या. युरोपातून परत येऊन चार दिवस झाले, पण बॅग अजून रिकामी केली नाही. आधी तुम्हाला लिहायचं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी दोन मोठ्या दुकानांत माझी जुनी सॅक दाखवली होती. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "चेन गेली, नवीच घ्या." एकानं चाकांची ट्रॉली पुढं केली. ती रिकामीच 3 किलो 200 ग्रॅम होती. विमानात सोबत न्यायला साधारण 7 किलोच चालतं, म्हणजे निम्मं वजन बॅगेचंच झालं असतं. हे त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

चेन गेलीच नव्हती. बॅग कोंबून भरली की रनरचा जबडा फाकतो, मग तो दातांना घट्ट धरत नाही आणि चेन मागून उघडी पडते. दात शाबूत असतात. तुम्ही रनर चेनच्या सुरुवातीला नेला, पकडीनं आधी एक बाजू आणि मग दुसरी, अगदी हलकी दाबली. जोर जास्त झाला तर रनर तडकतो, हेही सांगितलंत. दातांवरून मेणबत्ती फिरवली आणि चेन सरसर चालू लागली. खांद्याचा पट्टा जिथं उसवत होता तिथं चौकोन आणि मध्ये फुली अशी टीप मारलीत, कारण एका सरळ टिपेवर सगळा भार आला की ती आधी सुटते.

आणि मग म्हणालात, "आता भरून आणा, मंग बघू."

घरी, शेजारी, सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "एकटीच चालली?" तुम्ही विचारलंत, "जिने किती चढायचेत?" म्युनिकला मैत्रिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असं नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

भरलेली बॅग तुमच्या काट्याला लावली तेव्हा 9 किलो 400 भरली. तुम्ही फळीवर पेपर पसरला, "काढा त्यातलं" म्हणालात आणि पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून बसलात. बाईमाणसाचे कपडे आहेत, भर बाजार आहे, म्हणून. काही बोलला नाहीत, बघितलं नाहीत. फक्त मधून मधून, पाठमोरेच, "हे तिथं मिळत न्हाई का?" गिऱ्हाईक आलं तर त्यालाही तिकडूनच थांबवलंत. काका, हे लिहिताना डोळे भरून येतायत. एवढी अदब मला शिकलेल्या लोकांच्या ऑफिसांतही क्वचित मिळाली आहे.

दुसरी जीन्स निघाली, 600 ग्रॅम. ती धुतली तर तिकडच्या थंडीत रात्रीत वाळत नाही. टॉवेल 450 ग्रॅमचा, त्याच्या जागी 150 ग्रॅमचा पंचा आला. धुतलेला शर्ट पंच्यात गुंडाळून पिळला की पंचा पाणी ओढून घेतो आणि शर्ट सकाळपर्यंत वाळतो, म्हणून तीन शर्ट पुरले. बुटांचा दुसरा जोड गेला, 650 ग्रॅम. जड बूट पायात आणि कोट अंगात, त्याचं वजन कोणी करत नाही. शेवटी कुंथलगिरीचे पेढे, पूर्ण 1 किलो. मावशीनं आग्रहानं दिले होते. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेताच येत नाहीत, विमानतळावर टाकून द्यावे लागले असते. मैत्रिणीसाठी मग संभाजीनगरची हिमरू शाल घेतली. ती कोटाबरोबर हातावरच नेली. काटा 6 किलो 850 वर थांबला.

जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांजवळ, आणि कपडे तळाला, हे तुम्हीच रचून दाखवलंत. उलटं भरलं की बॅग मागं ओढते आणि माणूस पुढं वाकतो.

वरच्या कप्प्यात शिवलेला तो छोटा खिसा तुम्हाला साधा वाटला असेल. त्यात पॉवर बँक होती. 20,000 एमएएचची, म्हणजे सुमारे 74 वॉट-तास, 100 च्या आत. ती विमानाच्या पोटातल्या सामानात चालत नाही, कारण तिथं बॅटरीनं पेट घेतला तर हाताशी विझवणारं कोणी नसतं. विमान भरलेलं असलं की दारातच सॅकही त्या पोटातल्या सामानात टाकायला मागतात. अशा वेळी बॅग उपसत बसावं लागत नाही, एका हातात पॉवर बँक बाहेर येते. 100 मिलिलीटरच्या आतल्या बाटल्यांची पारदर्शक पिशवीही तिच्याच शेजारी होती. ठेचा आणि लोणचंसुद्धा त्याच हिशेबात धरतात, हे कित्येकांना तपासणीच्या रांगेत कळतं.

प्रागच्या जुन्या गावात रस्ते दगडी ठोकळ्यांचे आहेत. चाकांच्या बॅगा ओढणारे लोक दर दहा पावलांवर अडकत होते. मी दोन्ही हात मोकळे ठेवून चार्ल्स पूल ओलांडला. म्युनिकचे तीन जिने न थांबता चढले.

पैसे विचारले तेव्हा 40 रुपये म्हणालात. वर कागदाच्या पुडीत एक जादा रनर आणि नायलॉनचा दोरा दिलात. रनर लागला नाही. दोरा मात्र संपला, मैत्रिणीच्या लेकीच्या दप्तराचा बंद तुटला होता. त्याला चौकोन आणि मध्ये फुली घातली आहे.