काका, तुम्ही आखलेल्या तिसऱ्या रकान्यासाठी

आदरणीय काका,

हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा ठेवून दिलं. समोर येऊन बोलावं म्हटलं तर माझा घसा दाटतो, आणि तुम्ही लगेच "बरं, ते कागद फाईलला लावलेस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांदेखतच लिहिते. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, की तुम्ही दिवाणी न्यायालयात बेंच क्लार्क, म्हणजे न्यायाधीशांसमोरचे कागद सांभाळणारे, होतात, आता निवृत्त आहात, आणि माझे नात्यानं कुणीही लागत नाही.

आत्या गेली त्याला चार महिने झाले होते, तेव्हा ते समन्स आलं. सोबत दाव्याची प्रत. दावा लावणारे गृहस्थ आत्याच्या घराजवळ राहणारे, लांबच्या नात्यातले. मी त्यांना दोनदाच पाहिलं होतं. आत्याला मूलबाळ नव्हतं, माझे वडील आधीच गेलेले, म्हणून वारस म्हणून प्रतिवादीच्या जागी माझं नाव. आणि मागणी काय, तर "मयताचे औषधोपचार, प्रवास, देखभाल व इतर अनुषंगिक खर्चापोटी" अमुक इतकी रक्कम. बस. एकच आकडा. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पैसे उसने दिले होते की आपुलकीनं खर्च केले होते, आत्यानं ते परत करायचं कबूल केलं होतं की नाही, काहीच कळत नव्हतं. रक्कम फार मोठी नव्हती. पण छातीवर ठेवलेला दगड लहान असला तरी श्वास अडतोच.

त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. आत्याचं नाव त्या कागदावर एकदाच होतं, अगदी वर. पुढे सगळीकडे "मयत". मयताने सांगितले, मयतास नेले, मयताच्या घरी. फोन उचलल्यावर "हॅलो" न म्हणता आपलं पूर्ण नाव सांगणारी बाई ती. तिचं असं झालेलं पाहून मी तो कागद उलटा करून ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

मग विचारायला सुरुवात केली. घरातल्या मोठ्यांपैकी निम्मे म्हणाले, "देऊन टाक, गेलेल्या माणसाच्या नावानं कोर्टकचेरी नको." उरलेले म्हणाले, "एक पैसा देऊ नकोस, लबाड आहे तो." दोन्ही बाजूंपैकी एकानंही कागद वाचलेला नव्हता. एका वकिलांकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या पानं उलटली, "एवढ्याशा रकमेला माझी फीच जास्त होईल" म्हणाले आणि कागद परत हातात दिला. ते खरंच असेल. पण जाता जाता "ताई, मुदत चुकवू नका" एवढं एक वाक्य बोलायला त्यांना काय पडलं असतं? ज्या खिडकीवर चौकशीला गेले, तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "त्यातच लिहिलंय सगळं, वाचा." वाचलंच होतं हो. वाचून कळलं असतं तर खिडकीपाशी कशाला उभी राहिले असते? या सगळ्यात माझे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीनं तुमच्याकडे पाठवलं.

तुम्ही दाराशीच विचारलंत, "समन्स कधी हातात पडलं?" तारीख ऐकून बोटांवर मोजलंत आणि म्हणालात, "लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायला ३० दिवस असतात. कारण पटलं तर न्यायालय ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं, पण आपण त्यावर विसंबायचं नाही. अजून वेळ आहे, बस." "अजून वेळ आहे" हे शब्द त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदा ऐकायला मिळाले.

मग तुम्ही चष्मा पुसलात, ओळीखाली पट्टी धरलीत आणि दावा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलात. पुन्हा एकदा वाचलात. मी समोर बसून तुमची सरकणारी पट्टी बघत होते. आमच्या दुःखाचा कागद कुणी इतक्या सावकाश वाचेल, असं मला वाटलंच नव्हतं.

वाचून झाल्यावर तुम्ही एक कोरा कागद घेतलात, मधोमध उभी रेघ मारलीत, डावीकडे "कबूल" आणि उजवीकडे "नाकबूल" असं लिहिलंत. पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "एकेक परिच्छेद घे. काय खरं, काय खोटं, ते लिही."

काका, तुम्हाला तेव्हा वाटलं असेल, ही बाई रडते का आहे. मला रडू आलं कारण मला काहीच माहीत नव्हतं. आत्याची औषधं कोण आणत होतं? माहीत नाही. शेवटच्या महिन्यांत रात्री तिच्या सोबतीला कुणी होतं का? माहीत नाही. तिला कुठे कुठे न्यावं लागत होतं? माहीत नाही. मी दर रविवारी फोन करायचे, ती "ठीक आहे गं" म्हणायची, आणि मला ते पुरायचं. माझ्या सख्ख्या आत्याबद्दल एक परका माणूस कोर्टात काहीतरी सांगतोय, आणि ते खोटं आहे असं म्हणण्याइतकीही माहिती माझ्याकडे नव्हती. पेन्सिल हातात धरून मी नुसती बसून राहिले.

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कागद स्वतःकडे ओढलात, पट्टी ठेवलीत आणि उजव्या कडेला आणखी एक रेघ मारलीत. जागा उरली नव्हती, त्यामुळे तिसरा रकाना अगदी चिंचोळा झाला. त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत लिहिलंत, "माहीत नाही." आणि कागद परत माझ्याकडे सरकवून म्हणालात, "हाही जबाबच असतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त खरा लिही."

बाकी सगळ्याचे आभार मी मानतेच. पण हे पत्र त्या रेघेसाठी आहे.

त्या रेघेचं कोर्टातलं मोल तुम्ही नंतर समजावलंत. दाव्यातली जी गोष्ट आपण स्पष्ट नाकारत नाही, किंवा मान्य नाही असंही म्हणत नाही, ती आपल्याला कबूल आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून गप्प राहणं धोक्याचं, आणि "सगळं खोटं आहे" असं एका वाक्यात मोघम उडवून लावणंही कामाचं नाही. प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर हवं. "प्रतिवादीला याची माहिती नाही, म्हणून हे कथन मान्य नाही, वादीने ते सिद्ध करावे." हे वाक्य मला आता तोंडपाठ आहे. पण त्या क्षणी मला कायद्याचं काही सुचत नव्हतं. चार महिने मनात जो चोर घेऊन मी फिरत होते, त्याला तुम्ही कागदावर एक रकाना दिलात, एवढंच मला कळलं.

आम्ही दोघांनी मिळून तो भरला. सतरा ओळींपैकी बारा ओळी तिसऱ्या रकान्यात गेल्या.

माझ्यासारखं आणखी कुणी असा कागद उलटा करून बसलं असेल, म्हणून तुमच्याकडून शिकलेल्या दोनचार गोष्टी इथे लिहिते. पहिली गोष्ट, जिनं माझी झोप परत आणली: गेलेल्या माणसाचं देणं वारसाच्या स्वतःच्या कमाईतून सहसा वसूल होत नाही. त्या माणसाची जी मालमत्ता वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ५० आणि ५२, तुम्ही पुस्तक न उघडता सांगितलंत. मात्र हाती आलेल्या पैशांचं काय केलं याचा हिशेब दाखवता यायला हवा, नाहीतर तेवढं अंगावर येऊ शकतं. त्याच दिवशी तुम्ही मला आत्याच्या खात्यासाठी वेगळी वही घालायला लावलीत.

"थोडेफार देऊन मिटव" म्हणणाऱ्यांचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं, तेही तिथेच कळलं. अशा पैशांसाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी देणं लेखी कबूल केलं किंवा त्यापोटी काही रक्कम दिली आणि तशी लेखी नोंद सहीनिशी झाली, तर मुदत नव्यानं सुरू होऊ शकते. नेमकं काय मागतायत हे कळण्याआधी मी चार पैसे देऊन पावतीवर सही करून आले असते. आणि आमच्या नात्यातल्या ज्या काकांनी मला "वाडवडिलांचं ऋण फेडावंच लागतं" असं फोनवर ऐकवलं, त्यांच्यासाठी: वडिलांचं किंवा आजोबांचं कर्ज केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलानातवाकडून वसूल करणं हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं त्यापुढच्या कर्जांपुरतं बंद केलंय. आत्याच्या बाबतीत तर तो प्रश्नच नव्हता.

आणि हे मात्र मला राग येऊन लिहावंसं वाटतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, याखाली स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो, तिला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० हा फोन नंबर आहे. मी ज्यांच्या ज्यांच्यासमोर कागद धरून उभी राहिले, त्यांतल्या निदान दोघांना हे माहीत असणारच. एकानंही सांगितलं नाही.

तुम्ही मात्र आणखी एक गोष्ट केलीत, जी तेव्हा मला आवडली नव्हती. मी त्या गृहस्थांना लबाड म्हणाले, तर तुम्ही मला थांबवलंत. "तुझ्या आत्याजवळ शेवटी तो होता. तू नव्हतीस. हिशेब नीट मांडला नाही म्हणजे खर्च केलाच नाही, असं होत नाही." मला ते झोंबलं. मग तुम्ही भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, त्यातलं कलम ३२० उघडून दाखवलंत. मृताच्या मालमत्तेतून सगळ्या कर्जांच्या आधी काय द्यायचं, तर अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च, आणि मृत्यूशय्येवरचा खर्च, म्हणजे उपचारांची फी आणि मृत्यूआधीच्या एका महिन्याचं राहण्याजेवण्याचं. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही हे सुचलं होतं, म्हणालात, की शेवटच्या दिवसांत जो खिशात हात घालतो, त्याला रांगेत मागे उभं करू नये.

म्हणून कैफियतीत "कबूल" रकान्यातल्या ओळी तुम्ही आधी लिहायला लावल्यात. ते आत्याजवळ राहत होते हे खरं. ते तिला मदत करत होते हे खरं. आणि मग नम्रपणे मागणी, की खर्चाचा तारीखवार तपशील आणि पावत्या द्याव्यात. आणि त्या सबंध कैफियतीत, तुमच्या सांगण्यावरून, "मयत" हा शब्द एकदाच आला. बाकी सगळीकडे आत्याचं नाव.

पुढचं कोर्टातलं सांगत बसत नाही. तडजोड लोकअदालतीत झाली. पण त्याआधी पावत्यांचा एक लिफाफा आला, त्याबद्दल सांगायला हवं, कारण तुम्ही तेव्हा गावाला गेला होतात आणि नंतर फोनवर मला नीट सांगता आलं नाही.

लिफाफ्यात सगळं होतं असं नाही. "देखभाल" म्हणून जे मागितलं होतं त्याचा काहीच आधार नव्हता, ते त्यांनी स्वतःच सोडलं. "इतर अनुषंगिक" तर कुठल्याच कागदात सापडलं नाही. पण "प्रवास" सापडला. रबरबँड लावलेला चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा, प्रत्येकीवर तारीख, आणि प्रत्येक तारखेला गुरुवार. सोबत डोळ्यांच्या दवाखान्याचे कागद. आठ महिने ते गृहस्थ दर गुरुवारी आत्याला डोळे दाखवायला नेत होते, आणि तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की भाचीला कळवायचं नाही, ती उगाच धावत येईल.

काका, मला वर्षभरापूर्वीचं आठवलं. मी तिला एक पत्र पाठवलं होतं, तर फोनवर म्हणाली, "अक्षर जरा मोठं काढत जा गं, तुझं पहिल्यापासूनच मुंगीचं." मी हसले होते. तिला दिसत नाहीये, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

तुमच्या ओळखीतल्या कितीजणांना तुम्ही अशी रेघ आखून दिली असेल, मला माहीत नाही. तुम्ही पैसे घेतले नाहीत, ते एक वेळ बाजूला ठेवू. पैसे न घेणारी माणसं मला याआधीही भेटली आहेत, त्यांनी उपकारही ऐकवले. तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात आणि समोरच्या माणसाला वाईट ठरवायची घाई केली नाहीत. कोर्टात जन्म काढलेल्या माणसाला दोन्ही बाजूंचा खोटेपणा पाहायची सवय झालेली असणार. तरी तुम्ही प्रत्येक ओळ पहिल्यांदाच ऐकतोय अशी ऐकलीत. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तुम्ही गोड बोलला नाहीत. तुम्ही कागद नीट वाचलात.

त्या गृहस्थांचे प्रवासाचे आणि औषधांचे पैसे आत्याच्या खात्यातून पूर्ण दिले. वहीत नोंद केली आहे, तुम्ही सांगितलीत तशी, तारीख आणि पावती क्रमांकासकट. त्यांना मी फोनही केला. दोघांनाही फार बोलता आलं नाही. आत्या वाटेत गाडीच्या खिडकीची बाजू मागायची, एवढं ते म्हणाले.

तुमचा तो तीन रकान्यांचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवला आहे. तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली होती. लिफाफा आला त्या रात्री तिनंच तिसऱ्या रकान्यातली "प्रवास" ही ओळ खोडली आणि पहिल्या रकान्यात लिहिली. मोठ्या अक्षरांत.

रविवारी पेन्सिल द्यायला येते.

तुमची,
आत्याची भाची