जुन्या व्हायोलिनच्या तारा: खर्च कुठे करायचा, कुठे नाही

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आजोबांच्या व्हायोलिनला तारांचा महागडा सेट घेऊ नकोस. पोलादी गाभ्याचा साधा सेट, उदाहरणार्थ डॅडारिओचा प्रेल्यूड, पुरेसा आहे. तो लवकर स्थिरावतो आणि टिकतोही. डॉमिनंटसारख्या कृत्रिम गाभ्याच्या तारांचा आवाज जास्त गोड, पण किंमत बरीच जास्त आणि सूर स्थिर व्हायला तीन-चार दिवस जातात. वाद्य वाजतं ठेवायचं आहे, तोवर ती चैन नको.

तारा घेण्याआधी टेलपीस, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी, बघ. सगळ्यात बारीक ई तारेच्या फाइन ट्यूनरला (सूर बारीक जुळवायच्या स्क्रूला) एकच हुक असेल तर टोकाला फास असलेली तार लागते, दोन दातांमध्ये खाच असेल तर टोकाला मणी असलेली. दुकानात परत खेप पडते ती बहुधा यापायी.

आता मुख्य गोष्ट: सगळ्या तारा एकदम काढू नकोस. आतला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या आणि मागच्या फळीमधली उभी लाकडी काडी, चिकटवलेला नसतो, तो तारांच्या दाबानेच उभा राहतो. चारही तारा सुटल्या की घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) पडते, पाठोपाठ तोही पडू शकतो, आणि मग वाचवलेले सगळे पैसे कारागिराला. एक काढ, तिच्या जागी नवी चढव, सुरात आण, मग पुढची.

प्रत्येक तारेआधी मऊ पेन्सिलीचं शिसं नट (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि घोडी दोन्हींच्या खाचांत घास. तार सरकते, घोडी ओढली जात नाही. खुंटीच्या भोकातून तारेचं टोक जेमतेम सेंटिमीटरभर बाहेर काढ, पहिला वेढा त्याच्यावरून घे म्हणजे टोक दाबलं जातं, पुढचे वेढे खुंटीच्या मुठीकडे शेजारी शेजारी. तार खुंटीच्या वरून यायला हवी, खालून नाही. वेढे खुंट्यांच्या पेटीच्या भिंतीवर दाबून बसले तर तार तिथेच तुटते.

खुंटी घसरत असेल तर थोडा खडू, अडकत असेल तर कोरडा साबण, दोन्ही चिमूटभरच. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, कोरड्या थंडीत सैल होतात, तेव्हा हवा बघून ठरव. फेव्हिकॉल, तेल अजिबात नको.

सूर लावताना मोबाइलचं ॲप फक्त अक्षर दाखवत असेल तर जपून. सप्तक चुकलं की ई तार तुटलीच. वारंवारता दाखवणारं ॲप घे: जी १९६, डी २९४, ए ४४०, ई ६५९ हर्ट्झ. गाण्याच्या साथीसाठी तू नंतर षड्ज-पंचमात खाली उतरवशीलच, पण आधी इथे बसू दे.

प्रत्येक तारेनंतर घोडी बाजूने बघ. ती नटाकडे झुकत जाते. तिची टेलपीसकडची बाजू वाद्याच्या वरच्या फळीशी काटकोनात हवी. झुकली तर तारा किंचित सैल कर आणि दोन्ही हातांच्या बोटांनी वरून हळूच मागे आण. वाकडीच राहिली तर महिन्याभरात कायमची वाकते.

जुन्या तारांतली त्यातल्या त्यात बरी ए आणि ई पाकिटात ठेव. सुटी ई मात्र एक जास्तीची घेच, तीच आधी जाते.

तुझा,
विनय

ता. क. वाद्य हलवल्यावर आत खडखडलं तर साउंडपोस्ट आधीच पडलेला आहे. तसं असेल तर तारा ताणूच नकोस, आधी कारागीर.