कॅरमच्या सोंगट्या आणि पंचवीस मराठी शब्द

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागली किंवा कोजागरीचे जागरण आले की घरगुती खेळांच्या याद्या छापून येतात. गाण्याच्या भेंड्या, डंब शराज, पत्ते, कॅरम. दोन संघांनी एका शब्दावरून दुसरा शब्द ओळखायचा खेळ त्यांत क्वचित दिसतो, आणि दिसलाच तर इंग्रजी शब्दांचा विकतचा डबा म्हणून. मग मराठी मित्रमंडळी इंग्रजी शब्दांवर डोके लढवत बसतात आणि ज्यांचे मराठी सर्वांत समृद्ध, त्या आजी-मावशी बघ्यांत जातात. हे बदलता येते. खेळ मराठीत फार सुरेख रंगतो. मात्र नुसते शब्द मराठी करून भागत नाही, नियमही मराठीच्या व्याकरणाला धरून बांधावे लागतात. ते कसे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मूळ खेळाचे नाव कोडनेम्स. झेक खेळरचनाकार व्लादा ख्वातिल यांनी तो तयार केला, तो २०१५ मध्ये बाजारात आला आणि २०१६ मध्ये जर्मनीतला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. मांडणी सोपी आहे. पाच आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा, २५ शब्द. सुरुवात करणाऱ्या संघाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, कोणाचेच नाहीत असे ७ आणि एक घातक. कोणता शब्द कोणाचा, याचा नकाशा फक्त दोन कर्णधारांना दिसतो. कर्णधाराने एक शब्द आणि एक आकडा (त्या शब्दाशी आपले किती शब्द जुळतात तो) एवढाच क्लू द्यायचा, बाकी अवाक्षर नाही. साथीदार चर्चा करून एकेका शब्दावर बोट ठेवतात. कोणाचाच नसलेला शब्द निघाला तर पाळी संपते, दुसऱ्या संघाचा निघाला तर पाळीही संपते आणि त्यांना एक शब्द फुकट मिळतो. घातक शब्दावर बोट पडले की त्या संघाने सगळा खेळ तिथेच गमावला.

सामान घरात असते. कॅरमच्या ९ पांढऱ्या, ९ काळ्या सोंगट्या आणि एक राणी, हे या खेळाला हिशेबात तंतोतंत बसते. संघ पांढरा आणि काळा, घातक शब्दाला राणी म्हणायचे. बाकीच्या ७ शब्दांसाठी चिंचोके किंवा कवड्या. शब्दांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून साधारण ७ बाय ४.५ सेंटीमीटरचे तुकडे करावेत. पातळ कागद पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि मागचा शब्दही आरपार दिसतो. प्रत्येक तुकड्यावर शब्द दोनदा लिहावा, एकदा सुलटा आणि एकदा उलटा, म्हणजे समोरच्यांना मान वाकडी करावी लागत नाही. शंभर तुकडे, दोन्ही बाजूंना एकेक शब्द, असे २०० शब्द झाले की आठ डाव एकही शब्द पुन्हा न येता होतात.

नकाशे करताना बहुतेकांची एक चूक होते. ते चौकोनांत मनाने खुणा भरतात. माणूस मनाने भरायला बसला की खुणा सारख्या अंतरावर पसरवतो, राणी कोपऱ्यात ठेवत नाही, आणि दोन-तीन डावांत हे इतरांच्या लक्षात येते. त्याऐवजी २५ चिठ्ठ्या करून डब्यात हलवाव्यात आणि एकेक काढत चौकटीच्या वहीचे पाच बाय पाच घर डावीकडून उजवीकडे भरावे. असे १० नकाशे पुरतात, कारण प्रत्येक चारही बाजूंनी फिरवून धरता येतो, म्हणजे ४० झाले. निम्म्यांत पांढऱ्याचे ९ शब्द ठेवावेत आणि निम्म्यांत काळ्याचे.

आता शब्द. खेळाचा जीव इथे आहे आणि मराठी इथे अतोनात श्रीमंत आहे. पान म्हणजे झाडाचे, पुस्तकाचे, विड्याचे, पत्त्यांतले आणि पंगतीतले वाढलेलेही. घाट डोंगरातला, नदीवरचा आणि भांड्याचा. सर म्हणजे पावसाची, मोत्यांचा आणि शाळेतले. अंक नाटकाचा, दिवाळीचा आणि पाढ्यातला. पेच स्क्रूचा, पतंगाचा, प्रसंगाचा. कळ पोटातली आणि यंत्राची. कोट अंगातला, किल्ल्याचा, आणि शब्दावर केलेली कोटी त्याला खेटून उभी. माळ, हार, पाट, डाव, धार, चाल, पक्ष, दंड, कात, बोट अशी यादी वाढतच जाते. एकूण शब्दांत असे अनेकार्थी शब्द तिसरा हिस्सा ठेवावेत. सगळेच तसे घेतले तर कर्णधार दहा-दहा मिनिटे नकाशाकडे बघत बसतो. बाकीचे कंदील, ढोल, मिरची, पोपट अशी ठसठशीत नामे असावीत. प्रेम, स्वातंत्र्य, विकास टाळावेत, त्यांना कशाशीही जोडता येते आणि म्हणून ते कशाशीच घट्ट जुळत नाहीत. गावांची नावे चार-पाच पुरेत, पण पैठणसारखी, जिथे गावाबरोबर साडीही आठवते.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. पांढऱ्या संघाचे शब्द आहेत पान, पाट, डाव, हार, पक्ष. कर्णधार खुशीत क्लू देतो, ‘पंगत, तीन’. पान वाढले, पाट मांडला, डावाने आमटी वाढली, हिशेब चोख. पण मांडणीत ‘द्रोण’ही आहे आणि तो राणी आहे. कर्णधाराच्या मनात द्रोण म्हणजे कौरव-पांडवांचे आचार्य, त्याला तो धोका दिसलाच नाही. साथीदारांचे पहिले बोट द्रोणावर जाते आणि डाव संपतो. म्हणून क्लू सुचला की तो आधी राणीवर लावून पाहावा, तिच्या प्रत्येक अर्थावर, मग दुसऱ्या संघाच्या शब्दांवर, आणि शेवटी आपल्या. इथे ‘पत्ते, दोन’ म्हटले असते तर पान आणि डाव सुखरूप मिळाले असते. तसेच ‘लग्न’ म्हणून हार आणि पाट मिळवायला जावे, तर शेजारची माळ दुसऱ्या संघाची असते. हारचा दुसरा अर्थ धरून ‘निवडणूक, दोन’ म्हटले की हार आणि पक्ष दोन्ही येतात. पाट एकटा उरला तरी चालेल.

आकड्यापेक्षा एक शब्द जास्त ओळखायची मुभा असते. ती मागच्या क्लूतला राहून गेलेला शब्द उचलण्यासाठी आहे. अंदाज ठोकण्यासाठी ती वापरू नये. शून्य आकडाही देता येतो. ‘पंगत, शून्य’ म्हणजे आपला एकही शब्द पंगतीशी संबंधित नाही, तेव्हा द्रोणाला हात लावू नका. त्या पाळीत हवे तितके शब्द ओळखता येतात, पण निदान एकावर बोट ठेवावेच लागते.

मराठीपुरते नियम आधी ठरवले नाहीत तर दुसऱ्याच डावात भांडण होते. मांडणीतल्या शब्दाचे कोणतेही रूप क्लू म्हणून चालत नाही. इंग्रजीतही शब्दाची रूपे आणि जोडशब्द बाद असतात, पण आपल्याकडे सामान्यरूप, प्रत्यय आणि समास असा मोठा गोतावळा आहे. ‘घोडा’ मांडलेला असेल तर घोड्यावर, घोडदौड, घोडेस्वार, घोडचूक सगळे बाद. ‘खेळ’ असेल तर खेळणे, खेळाडू, खेळकर बाद. ‘पूर’ असेल तर पूरग्रस्त तर बादच, पण पंढरपूरही बाद धरावे. तिथल्या पूरचा अर्थ नगर आहे हे खरे, तरी ऐकणारा अर्थाने नव्हे, आवाजाने तिथे पोचतो, आणि क्लू अर्थाचाच असला पाहिजे. याच कारणाने यमकही नको. हातासाठी ‘हस्त’ किंवा ‘हँड’ नको, ते नुसते भाषांतर झाले. टेबल, बस, तिकीट मात्र बेधडक वापरावेत, ते आपल्या बोलण्यातले शब्द आहेत. जोडशब्द प्रचारातला हवा. पाणीपुरी, समुद्रकिनारा चालेल, जागेवर तयार केलेला समास चालणार नाही.

एक गळती मात्र इंग्रजीत खेळणाऱ्यांच्या स्वप्नातही येणार नाही, ती लिंगाची. मांडणीत पान, मिरची आणि पोपट असताना कर्णधार ‘हिरवी’ म्हणाला तर त्याने मिरची हातात दिली. ‘हिरवे’ म्हणाला तर पान. म्हणून विशेषण नेहमी शब्दकोशात असते तसे, ‘हिरवा’ असेच द्यायचे. क्रियापद ‘तळणे’ असेच, ‘तळली’ किंवा ‘तळला’ नाही. हा नियम काटेकोर पाळावा. बोलण्याच्या ओघात तो सर्वांत आधी मोडतो, आणि समोरच्या संघाला ते लगेच कळतेही.

क्लू तोंडी देऊन शिवाय चिठ्ठीवर लिहून ठेवावा. दिन आणि दीन, सूत आणि सुत, पाणी आणि पाणि कानाला सारखे लागतात. शिवाय जुने क्लू समोर असले की राहिलेले शब्द आठवतात. मांडलेले शब्द मात्र मोठ्याने वाचू नयेत. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी उच्चारला की त्यातला पाण्याचा जग गेला, कारण मराठीत त्या दोन ज-चे उच्चार वेगळे आहेत. डोळ्यांनी वाचला तर दोन्ही अर्थ जिवंत राहतात. कोणाला एखादा शब्द अनोळखी वाटत असेल तर नकाशा उघडण्याआधीच तो बदलून घ्यावा. वाढण्याचा डाव सगळ्या घरांत त्याच नावाने ओळखला जात नाही, आणि बटाट्याला आलू म्हणणारेही आपल्यातच बसलेले असतात.

सहा ते आठ जण असले की खेळ सर्वांत छान जमतो. त्याहून जास्त झाले तर मोठ्या आवाजाचे दोघे सगळे ठरवून टाकतात. अशा वेळी संघातल्या सर्वांत लहानाने आधी बोलायचे असा दंडक घालावा. क्लूला तीन मिनिटे पुरेत, घड्याळ लावून. बोटाचा स्पर्श म्हणजे निर्णय, ‘नुसते दाखवत होतो’ चालणार नाही. कर्णधाराने साथीदारांची चर्चा चालू असताना नकाशाकडेच बघावे. भुवई उंचावली तरी तो क्लू असतो. लहान मुलांबरोबर चार बाय चारची मांडणी घ्यावी: ६, ५, ४ आणि राणी. परदेशात वाढलेली, मराठी बोलणारी पण देवनागरी अडखळत वाचणारी मुले असतील तर शब्दाखाली छोटे चित्र काढू नये. चित्र एकच अर्थ पक्का करते. शेजारी बसून कानात शब्द सांगितलेला बरा.

आता आपणांस विनंती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. येत्या २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आपल्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी एक पान या खेळासाठी द्यावे. कापून घेता येतील असे पन्नास शब्द, प्रत्येक सुलटा-उलटा, ठळक आणि मोठ्या टायपात, तुटक रेषांनी आखलेले, आणि कोपऱ्यात दोन नकाशे. त्या पानाच्या मागे कोणाला जपून ठेवावासा वाटेल असा मजकूर नको, कारण ते पान कात्रीखाली जाणार आहे. वृत्तपत्राचा कागद पातळ असतो, तेव्हा ‘आधी जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, वाळू द्या, मग कापा’ एवढी सूचना वरच्या ओळीत जरूर छापावी.

आपला,
एक वाचक