उत्तर देणाऱ्याचा वेळ कोणाच्या खाती?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याच्या हाती मोबाइल असावा की नसावा, हा वाद अधूनमधून निघतो आणि त्यात मोबाइल म्हणजे करमणूक हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. यंत्रांच्या देखभाल विभागात तीस वर्षे काढल्यानंतर (यंत्र बंद पडल्याशिवाय आमची कोणाला आठवण होत नाही, ते असो) मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. आज कामावरचा नवा माणूस जे शिकतो, त्याचा मोठा भाग वर्गात किंवा मॅन्युअलमधून येत नाही. त्याच्यासारखेच काम करणाऱ्या, पण त्याने कधीही न पाहिलेल्या माणसांच्या ग्रुपवरून तो येतो. याची नोंद मात्र कुठेच होत नाही, आणि माझी तक्रार नेमकी त्याविषयी आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या विभागातील दोन वर्षे नोकरी झालेल्या एका तंत्रज्ञाने, पंपाच्या मोटरमधून घरघर ऐकू येऊ लागल्यावर, वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून देखभालीची कामे करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत तीन उत्तरे आली आणि तिन्हींचा अर्थ एकच होता: बेअरिंग गेले, बदला. त्याने ते बदलले. परवानगी मीच दिली होती. पाच आठवड्यांनी त्याच टोकाचे तेच बेअरिंग पुन्हा वाजू लागले. या वेळी त्याने काढलेल्या बेअरिंगचे छायाचित्र, मोटरची क्षमता, फेरे आणि आधी काय करून पाहिले ते सगळे लिहिले. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर समोरासमोर दोन ठिकाणी घासल्याच्या खुणा होत्या. त्या पाहून टोपणनावाने वावरणाऱ्या एका सदस्याने उत्तराऐवजी उलट प्रश्न केला, ‘मोटरचे चारही पाय बैठकीवर नीट टेकले आहेत का? डायल गेज लावून एकेक बोल्ट सैल करून पाहा.’ तिसरा बोल्ट सैल करताच, सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या त्या डायलचा काटा आम्ही चालवून घेतो त्या 0.05 मिलिमीटरच्या कितीतरी पुढे गेला. एक पाय अधांतरी होता, बोल्ट आवळला की मोटरचे अंग पिळले जात होते आणि त्याचा भार बेअरिंगवर येत होता. पायाखाली शिम (धातूची पातळ पट्टी) घातली, मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे अलाइनमेंट नव्याने केले, म्हणजे दोन्हींचे दांडे एका रेषेत आणले, आणि घरघर थांबली.

पहिल्या वेळी त्या मुलाला उत्तर मिळाले होते, दुसऱ्या वेळी तो शिकला. दोन्ही एकाच ग्रुपवर घडले, म्हणून ‘सोशल मीडिया चांगला की वाईट’ या चालीवरची चर्चा मला निरर्थक वाटते. फरक पडला तो प्रश्न कसा मांडला आणि समोरच्याने किती वेळ दिला यामुळे. संगणक प्रोग्रॅमरांच्या जगात हे फार आधी ओळखले गेले. 2008 मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारणाऱ्याने अडचण नेमकी कुठे येते, हे दाखवणारा लहानात लहान नमुना जोडावा, अशी अपेक्षा असते. नवख्यांना ही शिस्त जाचक वाटते आणि तेथील काही जुन्या सदस्यांची भाषा खरोखरच बोचरी असते, हे मान्य. तरीही प्रश्न नीट लिहिता लिहिता त्याचे उत्तर आपले आपल्यालाच सापडणे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना त्या शिस्तीची किंमत सांगावी लागत नाही.

यातले मूळ तत्त्व इंटरनेटच्याही आधीचे आहे. मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी 1980 च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून अभ्यास केला. अवघड बिघाड मॅन्युअल वाचून क्वचितच सुटतात आणि जेवताना, चहा घेताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांतून दुरुस्तीचे ज्ञान पसरते, असे त्यांना दिसले. पुढे याच कंपनीत तंत्रज्ञांनी सुचवलेल्या उपायांचा ‘युरेका’ नावाचा साठा तयार झाला. आलेला उपाय आधी सहकारी तंत्रज्ञच तपासून पाहत आणि त्यावर सुचवणाऱ्याचे नाव असे. आजच्या ग्रुपवर गप्पा आहेत, पण ती तपासणी नाही आणि ते नावही नाही.

ग्रुपवर नुसते वाचत बसणाऱ्यांना नावे ठेवण्याची पद्धत आहे. 2006 मध्ये संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी ऑनलाइन समूहांविषयी ढोबळ प्रमाण मांडले होते, की शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ कधीमधी लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा असतो. मला त्या नव्वदांची चिंता वाटत नाही. माणसे काम करता करता कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी 1991 मध्ये दाखवून दिले होते, की शिकाऊ माणूस आधी कामाच्या कडेला उभा राहून, किरकोळ जबाबदाऱ्या घेत हळूहळू आत येतो. ग्रुपवरचा मूक वाचक हा तसाच कडेला उभा असलेला शिकाऊ आहे. चिंता आहे ती त्या एकाची.

आमच्याकडे विद्युत पॅनेलचे काम करणारा एक जुना कारागीर होता. जेवणाच्या सुट्टीत, रात्री घरी गेल्यावर, कधी शिफ्टच्या मधल्या मोकळ्या वेळात तो ग्रुपवर सविस्तर उत्तरे लिहीत असे. आकृती काढून, तिचे छायाचित्र टाकून. चालू प्रवाहावरच्या कामाचा प्रश्न असला की ‘जागेवरच्या अनुभवी माणसाशिवाय हात लावू नका’ एवढेच लिहून तो थांबे, आणि कुठे थांबायचे ही जाण ग्रुपवर सर्वांनाच असते असे नाही. वार्षिक मूल्यमापनात त्याच्या ‘प्रशिक्षणाचे तास’ या रकान्यात शून्य आले, कारण तो कोणत्याही वर्गाला बसला नव्हता किंवा कोणाचा वर्ग त्याने अधिकृतपणे घेतला नव्हता. उलट मोबाइलच्या वापराबद्दल शेरा मिळाला. संगणकावर चाललेल्या अभ्यासक्रमाची ‘पुढे’ ही कळ दाबत चहा पिणाऱ्यांचे तास मात्र पूर्ण भरले. त्यानंतर त्याने उत्तरे देणे बंद केले, आणि ते बंद झाले आहे हे आमच्या वरिष्ठांना कळलेही नाही. तेव्हा मीही गप्प बसलो होतो, हे येथे कबूल करतो.

दुसरी गोष्ट साठवणीची. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सकाळी आलेले मोलाचे उत्तर संध्याकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले जाते, नव्याने दाखल झालेल्याला मागचे संदेश सहसा दिसत नाहीत, आणि तोच प्रश्न दोन महिन्यांनी पुन्हा येतो. शिवाय घाईत टाकलेल्या छायाचित्रात यंत्रामागचा फलक, उत्पादनाचे आकडे किंवा ग्राहकाचे नाव बाहेर जाते, ते वेगळेच. त्यात आता यंत्राने रचलेल्या उत्तरांची भर पडली आहे. डिसेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेली उत्तरे टाकण्यास स्टॅक ओव्हरफ्लोने मनाई केली, त्याचे कारण ती उत्तरे दिसायला बरोबर, पण बऱ्याचदा चुकीची असत. आमच्या ‘बेअरिंग गेले’ या उत्तराची जात काही वेगळी नव्हती. फक्त ते माणसांनी दिले होते.

आस्थापनांनी मोबाइलबंदीच्या पाट्या लावण्याऐवजी दोन साध्या गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. जो माणूस इतरांच्या अडचणी सोडवतो, त्याचा आठवड्यातील एक तास कामाच्या वेळेत आणि प्रशिक्षणाच्या हिशेबात धरावा. आणि बाहेरून मिळालेला उपाय लागू पडला, की तो कारणासह चार-पाच ओळींत यंत्राच्या नोंदवहीत उतरवावा. नुसते ‘बेअरिंग बदलले’ असे नव्हे, तर ते का गेले आणि कोणी सांगितले, हेही. याला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, आणि अशा कामासाठी आणलेली सॉफ्टवेअरे पासवर्ड विसरण्यापलीकडे फारशी पोहोचत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्या पंपाच्या नोंदवहीत आम्ही ‘मोटरचा तिसरा पाय अधांतरी, शिम घातली’ अशी ओळ लिहिली आहे. प्रश्न विचारून वाट दाखवणाऱ्याचे खरे नाव आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही, म्हणून पुढे त्याचे ग्रुपवरचे टोपणनावच लिहिले.

आपला नम्र,
देखभाल विभागातील एक पर्यवेक्षक