ग्रीनवर भोकं पाडली म्हणून ओरडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पानावर परवा एका गोल्फ खेळणाऱ्या वाचकाचं पत्र आलं होतं. थंडी संपून खेळायचे दिवस आले आणि नेमकी तेव्हाच क्लबने सगळ्या ग्रीन्सवर, म्हणजे बॉल ज्या होलमध्ये घालायचा त्याच्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, भोकं पाडून वर रेती ओतली, पैसे मात्र पूर्ण घेतात, असा एकूण सूर. पैशाचं त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, त्यावर शेवटी येतो. पण भोकांबद्दल जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, हवं तर कापा.

मुळात ग्रीनवरचं गवत जगतंच कसं याचं मला अजून नवल वाटतं. साध्या लॉनचं गवत तीन-चार सेंटिमीटर तरी असतं, ग्रीनवरचं 3 मिलिमीटरच्या आसपास, स्पर्धा असली तर त्याहूनही खाली, आणि हे जवळजवळ रोज कापायचं. पानच एवढंसं ठेवलं तर अन्न कितीसं तयार होणार आणि मुळं खाली जाणार तरी कशाच्या जोरावर. वर दिवसभर माणसं चालणार, त्यातही 108 मिलिमीटर व्यासाच्या त्या होलच्या भोवती सगळी गर्दी, म्हणून तर होलची जागा सारखी बदलत राहतात.

आता भोकांचं. मशीनच्या पोकळ टाइन, म्हणजे नळीसारखे दाते, ग्रीनमध्ये घुसतात आणि मातीची बोटभर कांडी बाहेर काढतात. पुढच्या वेळी त्यातली एक उचलून बघा, खेळ दोन मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही. वरच्या टोकाला तपकिरी, दाबली की पाणी सोडणारा मऊ थर दिसेल, तो म्हणजे मेलेली खोडं-मुळं साचून झालेला थॅच. त्याखाली रेती आणि त्यात मुळं, ताजी पांढरी आणि मेलेली तांबूस. थॅच फार झाला की पाणी वरच अडकतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि फारच दुर्लक्ष झालेलं ग्रीन असेल तर खाली काळा थर तयार होतो आणि कांडीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास एकदा घेतला की भोकं का पाडतात हे कुणी समजवायची गरज राहत नाही. त्या भोकांत कोरडी रेती भरतात ती अगदी वरपर्यंत, अर्धवट भरली तर कडा खचतात आणि मग महिनोन्महिने बॉल उड्या मारत जातो. रेतीही खाली जी आहे त्याच जाडीची लागते, वेगळी टाकली तर पाणी त्या थरापाशी अडतं. एवढं सगळं केल्यावर गवत जोमात वाढत असेल तर दोन-तीन आठवड्यांत भोकं बुजतात, पण जमीन अजून गार असताना उरकून टाकलं तर तीच भोकं महिना उलटला तरी तशीच.

म्हणजे ओरडायचंच असेल तर तारखेवरून ओरडा. बऱ्याच ठिकाणी तारीख ठरते स्पर्धांचं कॅलेंडर बघून, गवत बघून नाही, आमच्याकडेही तेच. बेंटग्राससारख्या थंडीतल्या गवताला वसंतात माती जरा तापली की करा, चालतं, पण बर्म्युडा म्हणजे हरळीच्या कुळातलं गवत असेल तर ते थंडीत सुप्त असतं, मातीचं तापमान 18 अंशांच्या आसपास गेल्यावर हिरवं व्हायला लागतं, आणि त्याच सुमाराला कधीकधी त्याची जुनी मुळं मरून नवी फुटत असतात. वरून हिरवं दिसलं म्हणून लगेच मशीन घातलं तर नुकसानच. त्याच्यासाठी उन्हाळाच बरा.

बर्फ पडतो तिथली गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. थंडी संपता संपता एखादा ऊबदार दिवस येतो, गवताच्या बुडख्यात पाणी भरतं आणि रात्री अचानक कडाक्याची थंडी पडली की आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. पोआ अॅन्युआ नावाचं जे गवत जुन्या ग्रीन्सवर आपोआप घुसलेलं असतं त्याला हा फटका जास्त बसतो, बर्फाच्या थराखालीही बेंटग्रास जास्त दिवस तग धरतं, पोआ आधी जातं. गंमत अशी की मेलेलं गवत काही दिवस हिरवंच दिसतं, मेंबर लोक खूश असतात आणि मग आठवड्याभरात सगळं पेंढ्याच्या रंगाचं, आणि शिव्या बसतात ग्रीनकीपरला, म्हणजे गवत सांभाळणाऱ्या माणसाला. अनुभवी ग्रीनकीपर आधीच ग्रीनचे दोन-चार तुकडे कापून आत उबेला खिडकीपाशी ठेवतो, त्यात किती फुटतंय ते बघून बी मागवायचं की नाही ते ठरवतो.

बी पेरलं तरी काम सोपं नाही. बेंटग्रासचं बी इतकं बारीक की एका किलोत 1 कोटीहून जास्त बिया बसतात, गार मातीत ते नुसतंच पडून राहतं, आणि उगवल्यावर रोपांची मुळं इतकी वर असतात की दिवसातून चार वेळा थोडं थोडं पाणी द्यावं लागतं. शेजारच्या जित्या गवताला मात्र एवढं पाणी नको असतं, त्याला रोग होतात. एकाच ग्रीनवर दोन्ही सांभाळायचं. त्यात कमिटीतला कुणीतरी म्हणणार खत वाढवा, लवकर हिरवं करा. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला पंगतीत बसवून आग्रह करायचा प्रकार आहे हा, नत्र जास्त झालं की पानं भराभर वाढतात आणि मुळं मागे राहतात. थोडं थोडं द्या, कापायची उंची मिलिमीटरभर वाढवा, रोपांवरून माणसं चालू देऊ नका, टेंपररी ग्रीनवर खेळायला लावा. टेंपररी ग्रीन मलाही आवडत नाही, पण खेळतो.

त्या वाचकांनी ग्रीनचा स्पीड, म्हणजे त्यावर बॉल घरंगळायचा वेग, गेला असंही लिहिलंय. ज्या पट्टीने स्पीड मोजतात ती एडवर्ड स्टिम्पसन यांनी 1935 साली बनवली, यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती सुधारून 1978 पासून क्लबांना द्यायला सुरुवात केली, आणि हेतू होता एकाच कोर्सवरच्या सगळ्या ग्रीन्सचा वेग सारखा ठेवणं, हा क्लब विरुद्ध तो क्लब अशी शर्यत लावणं नाही. पण एप्रिलमध्ये टीव्हीवर मास्टर्स स्पर्धेचं अमेरिकेतलं ऑगस्टा कोर्स दिसतं आणि सगळ्यांना आपलं ग्रीन तसंच हवं असतं. तिथल्या ग्रीन्सवर 1981 पासून बेंटग्रास आहे, खाली हवा खेचणारे पाइप आहेत, आणि उन्हाळ्यात ते कोर्स चक्क बंद ठेवतात. आपल्या क्लबने उन्हाळाभर कोर्स बंद ठेवला तर कोण गप्प बसेल सांगा.

खेळणाऱ्यांनीही थोडं करायला हवं. बॉल पडून जो खड्डा होतो तो बुजवताना बरेच जण फोर्क खाली घालून माती वर उचकटतात, त्याने मुळं तुटतात आणि डाग आठवडेच्या आठवडे राहतो. कडेने फोर्क घालून गवत मधे ढकलायचं, वरून पटरने, म्हणजे ग्रीनवर खेळायच्या काठीने, थोपटायचं, दहा सेकंदांचं काम. 2019 पासून नियमानेही ग्रीनवरची जवळपास सगळी नासधूस खेळाडूला दुरुस्त करता येते, बुटांच्या खुणासुद्धा, टाइनची भोकं मात्र त्यात येत नाहीत. तरी बॉल भोकात अडकला तर फुकट बाजूला ठेवता येईल असा लोकल रूल कमिटी लावू शकते, किती कमिट्या लावतात देव जाणे. आणि सकाळी दव गोठलेलं असताना दहा मिनिटं उशीर झाला तर खेळ सुरू करून देणाऱ्या स्टार्टरवर खेकसू नका, गोठलेल्या पानावर पाय पडला की ते तिथेच मरतं, नंतर उन्हात बुटांचे काळे ठसे दिसतात.

आता पैसे. भोकं पाडल्यापासून ती बुजेपर्यंत बाहेरून येणाऱ्यांकडून पूर्ण फी घ्यायची आणि बुकिंगच्या वेळी सांगायचंही नाही हे मला अजिबात पटत नाही, यात त्या वाचकांच्या बाजूने मी आहे. तारीख महिनाभर आधी बोर्डावर लावा, फोनवर सांगा, तेवढे दिवस फी कमी करा, आणि त्याच बोर्डावर मातीचं रोजचं तापमानही लिहा, म्हणजे अजून हिरवं का झालं नाही हे प्रत्येकाने येऊन ग्रीनकीपरला विचारायला नको, त्याला त्याच्या कामाला वेळ मिळेल.

आपला,
एक नेहमीचा वाचक